क्रम तोच, खुर्ची तीच

जुलै १९७५. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं न्यू केनन हे गाव. चार बहिणी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. डावीकडून हेदर, मिमी, बीबी आणि लॉरी ब्राउन. वयं अनुक्रमे २३, १५, २५ आणि २१. समोर तिवईवर एक अवजड कॅमेरा आहे आणि त्यामागे बीबीचा नवरा, निकोलस निक्सन. मेव्हण्याने फोटो काढायचा म्हटल्यावर जे हसणं-खिदळणं अपेक्षित असतं, त्याचा मागमूस नाही. चौघींपैकी एकीच्याही ओठांवर फोटोपुरतं हसू नाही. ‘काढ एकदाचा’ असा काहीसा भाव आहे.

आदल्या वर्षीही निक्सनने या चौघींचा फोटो काढला होता. तो त्याला ठेवण्याजोगा वाटला नाही, म्हणून टाकून दिला. १९७५चा मात्र त्याला आवडला. १९७६मध्ये लॉरीच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने सगळे जमले, तेव्हा त्याने बहिणींना पुन्हा त्याच क्रमाने उभं केलं. दोन फोटो शेजारी ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की इथे एक तिसरीच गोष्ट तयार होते आहे. ती पहिल्या फोटोतही नाही आणि दुसऱ्यातही नाही. मग ठरलं: वर्षातून एकदा, चौघीच, याच क्रमाने. हा नेम २०२२पर्यंत चालला. ४८ वर्षं, ४८ फोटो.

या मालिकेचा कॅमेरा समजून घ्यायला हवा, कारण फोटोतला अर्धा भाव त्याच्यामुळे आलेला आहे. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत दिसायचा तसाच तो प्रकार: पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखी घड्यांची पेटी. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोकं खुपसतो, तेव्हा काचेवर त्याला माणसं उलटी दिसतात, डोकं खाली आणि पाय वर. चौकट जमली, चेहरे रेखीव झाले की मागे फिल्मचा होल्डर सरकवायचा. त्यात एकच ताव असतो, ८ बाय १० इंचांचा. होल्डर सरकवला की काचेवरचं चित्र झाकलं जातं. म्हणजे फोटो निघण्याच्या नेमक्या क्षणी फोटोग्राफरला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नसतं. तो कापडाबाहेर येऊन कॅमेऱ्याशेजारी उभा राहतो, समोरच्यांकडे साध्या डोळ्यांनी पाहतो आणि बटण दाबतो. समोरच्याही कॅमेऱ्याकडे पाहतात तशा माणसाकडेही पाहतात. एवढ्या खटाटोपात दात दाखवून धरलेलं हसू टिकत नाही. दहा सेकंदांत ते गळून पडतं, आणि मग जे उरतं ते फिल्मवर उमटतं. शिवाय नेगेटिव्हच एवढी मोठी, की ती कागदावर ठेवून जशीच्या तशी छापता येते. पापणीचा केसन् केस आणि स्वेटरचा टाकान् टाका दिसतो.

याच १९७५ सालात निक्सनने काढलेली बॉस्टन शहराची दृश्यं रोचेस्टरच्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ या गाजलेल्या प्रदर्शनात लागली होती. इमारती आणि रस्ते यांच्याकडे अलिप्तपणे बघणाऱ्या छायाचित्रकारांचं ते प्रदर्शन होतं. त्याच माणसाने घरातल्या चार बायकांकडे तितक्याच स्वच्छ नजरेने पाहिलं, हे या मालिकेचं खरं बळ. निक्सन स्वतः एकुलता एक. बायकोबरोबर तीन मेव्हण्यांचं भरलं घर मिळालं, याचं त्याला अप्रूप होतं. काही फोटोंत ऊन त्याच्या पाठीमागून येतं आणि त्याची सावली बहिणींच्या अंगावर पडलेली दिसते. तेवढीच त्याची हजेरी.

या ४८ फोटोंत काय घडतं? काहीच नाही. कुणाचं लग्न दिसत नाही, मूल दिसत नाही, घर, नोकरी, आजारपण, भांडण काही दिसत नाही. कुठल्या वर्षी कुणावर काय गुदरलं, हे बहिणींनी जगाला सांगितलेलं नाही. तरीही बघणारा एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना थबकतो. अमुक वर्षी हिचे डोळे असे का? तमक्या वर्षी दोघींमध्ये हे अंतर कसलं? मग केस पिकतात, गळ्याची कातडी सैल होते, आणि उत्तरार्धातल्या कित्येक फोटोंत त्या एकमेकींना घट्ट बिलगलेल्या दिसतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१४मध्ये पहिल्या ४० वर्षांचे ४० फोटो ओळीने लावले होते. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला फार तर काही मिनिटं लागतात. तेवढ्यात पंधरा वर्षांची मिमी पन्नाशी ओलांडते.

हे कसं साधतं? एका फोटोत काळ दिसत नाही, दोन फोटोंच्या मधल्या जागेत दिसतो. आणि तिथे तो दिसावा म्हणून बाकी सगळं जागच्या जागी धरून ठेवावं लागतं. माणसं तीच, क्रम तोच, कॅमेरा तोच, काळा-पांढरा कागद तोच. याला पथ्य म्हणावं. पथ्य मोडलं की फरक कशामुळे पडला तेच कळेनासं होतं: वयामुळे, उजेडामुळे, की पार्लरमुळे?

हे पथ्य एका मराठी माणसाने फार आधी पाळलं होतं, आणि तेही एका वाटाण्यासाठी. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन मुंबईला परतले. चित्रपट काढायचा तर भांडवल हवं, आणि भांडवलवाल्यांना पटायला हवं की या यंत्रात काही करामत आहे. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत राहिले. कुंडी हलली नाही, कॅमेरा हलला नाही. हलला तो फक्त अंकुर. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर डोळ्यांदेखत झाली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चिमुकल्या फिल्मने पैशाची वाट मोकळी केली आणि पुढल्याच वर्षी, ३ मे १९१३ला, गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत होते, हेही इथे आठवावं. माणसाला स्थिर बसवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

त्यांचीच आणखी एक गोष्ट या विषयात चपखल बसते. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली आहे त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू होण्याआधी तिचा चेहरा एकटाच पडद्यावर येतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. आपली पोर अभिनय करू शकते, हे बापाने प्रेक्षकांना आधीच दाखवून ठेवलं आहे. ती दृश्यं आणि ब्राउन बहिणी ही दोन विरुद्ध टोकं आहेत. चेहऱ्यावर दोन हालचाली एकाच वेळी चालू असतात. एक क्षणाक्षणाची, हसण्यारुसण्याची. दुसरी वर्षांची, हाडाकातडीची. पहिली फार चपळ असल्यामुळे दुसरी झाकून टाकते. म्हणून दरवर्षीचा फोटो काढणारे लोक ‘हसा’ म्हणत नाहीत.

ही दुसरी हालचाल लहान वयात सर्वांत वेगवान असते, आणि ती सगळ्या चेहऱ्याची सारखी होत नाही. जन्मलेल्या बाळाचं डोकं शरीराच्या सुमारे पाव लांबीचं असतं. मोठ्या माणसाचं जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. कवटी आधी वाढते, कारण मेंदूला घाई असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने जवळजवळ मोठ्या माणसाएवढा झालेला असतो. चेहऱ्याचा खालचा भाग, म्हणजे नाक, जबडा, हनुवटी, मागाहून सावकाश येतो आणि वयात येताना एकदम झेपावतो. म्हणून लहान मूल सगळं कपाळ आणि डोळेच वाटतं. बारशाला पाळण्याभोवती जमून ‘नाक अगदी आत्यावर गेलंय’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यायला हरकत नाही. तान्ह्याच्या नाकाला अजून धड दांडीसुद्धा नसते. आत्यावर गेलं की मामावर, याचा निकाल दहावी-बारावीच्या सुमारास लागतो.

असा निकाल बघायचा असेल तर ब्वेनोस आयरेसच्या दिएगो गोल्डबर्ग या छायाचित्रकाराच्या घरी डोकवावं. १९७६पासून दरवर्षी १७ जूनला घरातल्या प्रत्येकाचा फक्त चेहऱ्याचा फोटो, समोरून, साध्या पार्श्वभूमीवर. सुरुवातीला नवरा-बायको दोघंच. मग एकेक करून तीन मुलगे या कोष्टकात दाखल झाले, पुढे सुना आणि नातवंडं. आडवी ओळ धरून वाचलं की एका वर्षाचं कुटुंब दिसतं. उभी धरली की एका माणसाचं आयुष्य. खरी गंमत तिरपं वाचण्यात आहे: बापाचा तिशीतला चेहरा आणि मुलाचा तिशीतला चेहरा. गोल्डबर्गने या उपक्रमाला ‘काळाचा बाण’ असं नाव दिलं आहे. नाव थोडं भारदस्त आहे, पण कोष्टक बघितल्यावर चालून जातं.

अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या मिल्टन रोगोविनचं पथ्य निराळं होतं. हा मूळचा चष्मेवाला, डोळे तपासणारा. १९५७मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याची पेशी झाली, वर्तमानपत्रांनी झोडपलं आणि धंदा बसला. रिकाम्या झालेल्या हातात त्याने कॅमेरा घेतला. १९७२पासून शहराच्या लोअर वेस्ट साइड या गरीब वस्तीत तो लोकांचे फोटो काढू लागला आणि छापलेला फोटो त्यांना नेऊन देऊ लागला. बारा वर्षांनी तो जुने फोटो घेऊन परत गेला आणि विचारत हिंडला, हे लोक कुठे राहतात? सापडतील त्यांचे पुन्हा फोटो काढले. १९९०च्या दशकात तिसऱ्यांदा, आणि २००० उजाडल्यावर वयाच्या नव्वदीत चौथ्यांदा गेला. काही घरांचे चार-चार फोटो ओळीने लागतात: दारात उभं पोर, मग मिसरूड फुटलेला मुलगा, मग कडेवर लेकरू घेतलेला बाप. निक्सनच्या मालिकेत हमखास येणारा पुढचा फोटो इथे हमखास नव्हता. जो सापडला नाही त्याची जागा रिकामी राहिली, आणि गरीब वस्तीत काळ कसा चालतो याबद्दल ती रिकामी जागाही काही सांगते. रोगोविन २०११मध्ये गेला, १०१ वर्षांचा होऊन.

आता आपल्या कपाटातले अल्बम काढू या.

मुंबईला फोटोग्राफी फार लवकर आली. १८५४मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातल्या नावाजलेल्या छायाचित्रकारांपैकी एक. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये लवकरच फोटोग्राफीचे वर्गही सुरू झाले. तेव्हा काचेवर रसायनाचा ओला थर देऊन तो वाळायच्या आत फोटो काढावा लागे आणि समोरच्याला काही सेकंद पुतळ्यासारखं राहावं लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतले पणजोबा ताठ दिसतात त्यात करारी स्वभावाचा वाटा किती आणि या लोखंडाचा किती, ते सांगणं अवघड. तान्ह्या मुलांना तर आधारही चालत नसे. युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंत त्यावर एक तोडगा निघाला: आईच्या अंगावर खुर्चीवर टाकावं तसं कापड टाकायचं आणि तिच्या मांडीवर बाळ बसवायचं. त्या फोटोंत बाळ दिसतं, आणि त्याच्यामागे फर्निचर होऊन बसलेली आई.

पुढे कॅमेरा स्वस्त झाला, स्टुडिओ तालुक्याच्या गावी पोचले आणि फोटो मराठी घरांच्या संस्कारांना येऊन चिकटला. पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घातलेलं, बोरन्हाणाला बसलेलं मूल. मोरपीस खोवून हातात बासरी दिलेला बाळकृष्ण, मग ते मूल मुलगी का असेना. घोटून केलेल्या डोक्यावर टोपी घातलेला बटू. डोहाळजेवणाला फुलांच्या दागिन्यांत, झोपाळ्यावर किंवा स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीवर बसलेली लेक. लग्नातला ग्रुप फोटो, ज्यात मधल्या रांगेत खुर्च्यांवर ज्येष्ठ, मागे उभे तरुण आणि पुढे सतरंजीवर पोरासोरांचा ढीग. हे सगळं काळ्या जाड कागदांच्या अल्बमात, कोपऱ्यांना त्रिकोणी कॉर्नर लावून, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटरपेपर घालून जपलेलं असे. मागे शाईने तारीख आणि ‘चि. अमुक, वय ६ महिने’.

या अल्बममध्ये जिव्हाळा खच्चून भरलेला आहे, यात शंका नाही. पण त्यात काळ फारसा दिसत नाही. दिसतात ते प्रसंग. प्रत्येक पानावर माणूस कुठल्या तरी वेशात आहे: बटू, वर, गरोदर लेक, साठीशांतीचा यजमान. दागिने वेगळे, उजेड वेगळा, सोबतची माणसं वेगळी. दोन प्रसंगांमधली वर्षं अल्बमातून गळून जातात. मुंज ते लग्न या वीसेक वर्षांत त्या मुलाच्या चेहऱ्याचं काय काय झालं, याची नोंद बहुतेक घरांत नसते. कारण त्या साध्या मंगळवारी फोटो काढायला काही निमित्तच नव्हतं.

एक अपवाद आहे, आणि तो कुणी कलेच्या दृष्टीने बघत नाही. शाळेतला वर्गाचा फोटो. तेच मैदान, तीच बाकं, तोच गणवेश; उंचीप्रमाणे रांगा; मधोमध मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक; पुढे पाटीवर खडूने इयत्ता, तुकडी आणि साल. ‘हलू नका’ म्हणणारा फोटोग्राफरही बहुधा गावातला तोच. पाचवी ते दहावीचे सहा फोटो कुणी जपले असतील, तर ते एका ओळीत मांडून पाहावेत. सहावीत पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेला बुटका नववीत मागच्या रांगेत बाकावर चढलेला सापडतो. सातवीत दोन्ही वेण्या पुढे घेऊन थेट कॅमेऱ्याकडे बघणारी मुलगी आठवीत खाली बघते. आणि एखादा चेहरा एका वर्षानंतर दिसतच नाही. वडिलांची बदली झाली, की फी भरली नाही, की लग्न लावून दिलं? रोगोविनच्या वस्तीतली रिकामी जागा इथेही आहे.

निवडीचा सर्वांत कठीण प्रसंग मात्र शेवटी येतो. घरातलं माणूस गेलं की दोन-तीन दिवसांत एक शोधाशोध सुरू होते: हार घालायला फोटो कुठला? एकट्याचा धड फोटो बहुधा नसतोच. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा केला जातो. खांद्यावर आलेला शेजाऱ्याचा हात पुसला जातो. फेटा किंवा कोटसुद्धा चढवला जातो. स्टुडिओवाले यात वाकबगार. सत्तर-ऐंशी वर्षांचं माणूस यापुढे कायमचं त्या एका दुपारच्या चेहऱ्याने भिंतीवर राहतं. रोलाँ बार्थ हा फ्रेंच लेखक आई गेल्यावर, १९७७नंतर, असाच तिचे फोटो चाळत बसला होता. त्याला तिचा कुठलाच फोटो ‘ती’ वाटेना. अखेर सापडला तो १८९८ सालचा, ज्यात ती पाच वर्षांची होती आणि त्याचा स्वतःचा जन्म व्हायला बराच अवकाश होता. फोटोग्राफीवरचं त्याचं १९८०चं पुस्तक या फोटोभोवती फिरतं. तो फोटो मात्र त्याने पुस्तकात छापला नाही. वाचकाला तो कुठल्याही मुलीसारखाच दिसला असता.

हाराचा फोटो आणि दरवर्षीचा फोटो एकत्र आले तर काय होईल, हे जपानमध्ये एका स्टुडिओवाल्याच्या मुलाने करून पाहिलं. मासाहिसा फुकासे हा तोक्योत नाव कमावलेला छायाचित्रकार. त्याचं घर उत्तरेला होक्काइदो बेटावरच्या बिफुका गावात, आणि घरचा धंदाच फोटो स्टुडिओचा. १९७१पासून तो गावी गेला की घरच्या जुन्या अवजड कॅमेऱ्यासमोर, स्टुडिओच्याच पडद्यापुढे सगळ्या कुटुंबाला ओळीने बसवू लागला. इथवर ठीक. पण मध्येच तो एखाद्या परक्या तरुणीला त्या रांगेत घरच्यासारखं उभं करतो. एका फोटोत घरचे कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे आहेत. गिऱ्हाइकांना आयुष्यभर ‘नीट बसा’ सांगणाऱ्या घराने आपल्याच स्टुडिओत असा वाह्यातपणा खपवून घेतला, यातच त्यांचं प्रेम आलं. मध्ये दहाएक वर्षांचा खंड पडतो. पुन्हा सुरुवात होते तेव्हा वडील थकलेले आहेत. १९८७मध्ये ते जातात. त्यानंतरच्या कुटुंबाच्या फोटोत वडिलांची जागा त्यांच्या चौकटीतल्या तसबिरीने घेतली आहे. १९८९मध्ये स्टुडिओच बंद पडला आणि मालिका थांबली. तिचं पुस्तक १९९१मध्ये निघालं. नाव साधं: ‘काझोकु’, म्हणजे कुटुंब.

पथ्य जाणूनबुजून मोडणारा एक भारतीय प्रयोगही आहे. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग (१८७० ते १९५४) यांनी कित्येक दशकं स्वतःचे, हंगेरियन पत्नीचे आणि अमृता व इंदिरा या दोन मुलींचे फोटो काढले: बुडापेस्टमध्ये, पॅरिसमध्ये, सिमल्यात. अमृता १९४१मध्ये अवघ्या २८व्या वर्षी गेली. साठ वर्षांनी, २००१-०२मध्ये, इंदिरेचा मुलगा विवान सुंदरम याने आजोबांचे हे फोटो संगणकावर घेतले आणि वेगवेगळ्या सालांतली माणसं एका खोलीत आणली. ‘रीटेक ऑफ अमृता’ या मालिकेत वेगवेगळ्या वयांची अमृता एकाच चौकटीत भेटते, आरशांतून डोकावते. आजोबा तिच्याकडे बघत असतात. आधी वाटतं, फोटो खरा आहे. मग कळतं, की या वयाचे हे दोघे एकत्र असणं शक्यच नाही. निक्सनने दोन फोटोंमध्ये ठेवलेली जागा सुंदरमने एकाच फोटोत दुमडून टाकली.

आज फोटोंचा तुटवडा नाही. पहिलीतल्या मुलाचे फोटो त्याच्या आजोबांच्या जन्मभरच्या फोटोंहून जास्त असतात, प्रत्येकावर सेकंदापर्यंतची वेळ असते, आणि फोन स्वतःच चेहरा ओळखून एका मुलाचे सगळे फोटो एका ढिगात टाकतो. पण हे ढीग पथ्याविना साचतात. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चार-पाच फुटांवरून काढलेल्या फोटोत तेच नाक जागेवर येतं. यात भिंगापेक्षा अंतराचा हात मोठा आहे. त्यातून फोनमधली सोय न विचारता कातडी गुळगुळीत करते, म्हणजे नेमकं ज्याची नोंद घ्यायची तेच पुसते. बॉस्टनच्या कार्ल बेडनने २३ फेब्रुवारी १९८७पासून रोज आपल्या चेहऱ्याचा एक फोटो काढायला घेतला, तेव्हा अंतर, उजेड, पार्श्वभूमी सगळं आधी ठरवून टाकलं आणि मुद्रा निर्विकार ठेवली.

अर्थात पथ्य इतकं कडक असायलाच हवं असं नाही. एक खुर्चीसुद्धा पुरते.

रिनेके डाइकस्ट्रा ही नेदरलँड्सची छायाचित्रकार, जन्म १९५९चा. सायकलच्या अपघातात तिचं खुब्याचं हाड मोडलं. बरं होण्यासाठी ती पोहत असे. जून १९९१मध्ये एकदा पोहून दमून बाहेर आल्यावर अ‍ॅमस्टरडॅमच्या तलावाच्या न्हाणीघरात तिने स्वतःचाच फोटो काढला आणि तिच्या ध्यानात आलं, की दमलेल्या माणसाला आव आणता येत नाही. पुढच्या वर्षीपासून ती समुद्रकिनाऱ्यांवर किशोरवयीन मुलामुलींचे फोटो काढू लागली. मागे सपाट समुद्र, पुढे पाण्यातून नुकतंच आलेलं, हातांचं काय करावं हे न कळणारं मूल. पोलंडच्या कोलोब्झेग किनाऱ्यावरची, १९९२ सालची, हिरव्या पोहण्याच्या पोशाखातली मुलगी त्यातली सर्वांत प्रसिद्ध. एका पायावर भार टाकून ती उभी आहे ती मासिकातल्या मॉडेलसारखी दिसायला, पण खांदे अजून लहान मुलीचेच आहेत. वयात येणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं चित्र शोधून सापडणार नाही.

मार्च १९९४मध्ये ती लायडन शहरातल्या निर्वासितांच्या केंद्रात मुलांचे फोटो काढायला गेली. बोस्नियातल्या युद्धातून आलेली सहा वर्षांची अल्मेरिसा तिथे भेटली. ठेवणीतला फ्रॉक घालून ती खुर्चीवर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. अधांतरी लोंबत होते. दोनेक वर्षांनी, त्या मुलीचं काय झालं असेल म्हणून डाइकस्ट्राने तिचा पत्ता काढला. कुटुंबाला नेदरलँड्समध्ये राहायला मिळालं होतं. पुन्हा खुर्ची, पुन्हा फोटो. मग दर वर्षा-दोन वर्षांनी, नव्या नव्या घरांत, असे एकूण ११ फोटो झाले. खुर्च्या बदलतात, पण बसणं तेच, समोरून, एकटीचं. कुठल्याशा फोटोत बुटांची टोकं जमिनीला लागतात. नंतर टाचा टेकतात. मग ओठांना रंग येतो, केस रंगतात, बसण्यात एक सराईतपणा येतो, आणि रस्त्यात दिसली तर डच मुलींच्या घोळक्यातून तिला वेगळं काढता येणार नाही, अशी ती दिसू लागते. निर्वासित मुलीचं नव्या देशात रुळणं या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे ते पायांवरून कळतं.

शेवटचा फोटो जून २००८चा. अल्मेरिसा वीस वर्षांची आहे. पावलं जमिनीवर आहेत आणि मांडीवर तिचं तान्हं बाळ आहे. त्याचे पाय अधांतरी आहेत.